दक्षिणेकडे तोंड करून

मृण्मयीने भाताच्या पिंडांवर पुन्हा एकदा ओलं फडकं टाकलं आणि वर पाहिलं. स्नेहल अजून फोनवरच होती. वस्त्रांतरगृहाच्या भिंतीशी, सगळ्यांकडे पाठ करून ती उभी होती. मधूनच मान हलवत होती, मधूनच पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती हो म्हणते आहे की नाही, हे पाठीवरून कळत नव्हतं.

ऊन एकेक पायरी खाली सरकत होतं. मृण्मयीला हवी होती ती सकाळची मऊ सावली, आणि ती आता पाण्यालगतच्या पट्ट्यापुरती उरली होती. पलीकडे एका टेम्पोतून निळे पत्रे उतरवले जात होते. सिंहस्थाच्या कामासाठी घाटाचा हा भाग उद्यापासून बंद होणार होता. पत्रा दगडावर आदळला की ध्वनिमुद्रण करणारी दीपमाला हेडफोन कानांपासून किंचित उचलून धरी आणि डोळे मिटून घेई.

"कावळे आले, कबुतरं आली, गुरुजी तर सगळ्यांच्या आधी आले," शेखर कॅमेऱ्यामागून म्हणाला. "फक्त हिरॉइन यायची राहिली."

कोणी हसलं नाही. त्याची त्याला सवय होती. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचा हा मुलगा मृण्मयीच्या पहिल्या लघुपटापासून तिच्याबरोबर होता. दोघे मिळून लग्नांचे व्हिडिओ करत आणि त्यातून जे सुटेल त्यावर आपले चित्रपट.

गुरुजी म्हणजे मृण्मयीचे वडील, नाना. ढुंढिराजशास्त्र्यांनी आयुष्यभर रामकुंडावर यात्रेकरूंची कार्यं केली होती. आज ते मुलीच्या चित्रपटात काम करायला आले होते, पण त्यांच्या बसण्यात तसं काही दिसत नव्हतं. खालच्या पायरीवर पंचा अंथरून ते रोजच्यासारखेच दर्भ निवडत होते, वाळकी काडी बाजूला टाकत होते. कॅमेऱ्याकडे त्यांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

चित्रपटाचं चित्रीकरण पुरं होऊन खरं तर वर्ष होत आलं होतं. घरदार सोडून, नाव बदलून राहिलेला एक म्हातारा आणि त्याने वाढवलेली मुलगी, अशी ती गोष्ट होती. शेवटी मुलगी त्याच्या अस्थी घेऊन नाशिकला येते आणि त्याचे पिंड देते. अपुऱ्या चित्रपटांना पुढे नेणाऱ्या परदेशातल्या एका संस्थेकडे मृण्मयीने तो पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं तेव्हा ती अंबडच्या एका कारखान्यात होती. यंत्रात हात जाऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, याची फिल्म चित्रित करत होती. संस्थेतल्या बाईंनी अगत्याने लिहिलं होतं. चित्रपट आवडला, मात्र शेवटचा प्रसंग केल्यासारखा वाटतो. तो बदलता आला तर या महिन्याच्या आत पाठवा, आम्ही पुन्हा पाहू.

केल्यासारखा. तिला तो शब्द लागला, कारण तो तिला आधीच ठाऊक होता. गुरुजींचं काम केलेल्या नटाने मंत्र रंगमंचावर म्हणावेत तसे म्हटले होते. स्नेहल रडली होती, पण फार चांगली रडली होती. आणि खरी चूक त्या दोघांची नव्हतीच. प्रसंग जरा लांबला, जरा अवघड झाला की मृण्मयीला धास्ती वाटे आणि ती 'कट' म्हणून मोकळी होई. संकलनाला बसल्यावर तिला दिसलं की त्या प्रसंगातला एकही शॉट शेवटपर्यंत गेलेला नाही. जिथे काहीतरी व्हायला लागलं होतं, तिथे नेमका तिचाच आवाज येत होता.

कारखान्याने तिला कायमची नोकरी देऊ केली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. काम वाईट नव्हतं, माणसं सभ्य होती, आणि तिला भीती त्याचीच वाटत होती. दुसरीही एक भीती होती, जी तिने शेखरलासुद्धा सांगितली नव्हती. गेल्या कित्येक महिन्यांत तिला नवं काही सुचलेलं नव्हतं. पूर्वी रस्त्याने जाताना एखाद्या माणसाच्या चालण्यावरून तिला अख्खी गोष्ट दिसे. आता माणसं नुसती चालत जात. हा चित्रपट असाच पडून राहिला तर पुढचा येणार नाही, असं तिला हल्ली जवळजवळ खात्रीने वाटू लागलं होतं.

नानांना विचारायचं तिच्या मनात बरेच दिवस होतं. विचारलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताकभात संपवला, हात धुतला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी देवपूजेची फुलं निवडताना ते आपणहून म्हणाले की येईन, पण खोट्या नावाने पाणी सोडणार नाही. हे नाटक आहे, असं तिने सांगून पाहिलं. नाटक मला येत नाही, असं ते म्हणाले. जो माणूस कधी झालाच नाही, त्याला मी कुठून बोलावू?

मग त्यांनीच वाट काढली होती. बापाचं नाव माहीत नसेल तर त्याचीही शास्त्रात सोय आहे. पृथिवीषत् म्हणायचं. पृथ्वीवर राहणारा. ते कोणाचं एकाचं नाव नाही, आणि म्हटलं तर कोणाच्याही बापाला चालतं. मृण्मयीला ते इतकं आवडलं की तिने प्रसंगात तेवढा बदल लगेच करून टाकला. म्हाताऱ्याचं खरं नाव मुलीला कधी कळलेलंच नव्हतं, त्यामुळे गोष्टीत ते कुठे खटकतही नव्हतं. बऱ्याच दिवसांनी तिला आपल्या कामात काहीतरी सापडल्यासारखं वाटलं होतं.

स्नेहल फोन पिशवीत टाकत खाली आली. तिने मृण्मयीला जरा बाजूला घेतलं, पण घाटावर बाजू अशी नसतेच. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मृण्मयीताई, रागावू नकोस. बाकी सगळं करते. पिंड नाही देणार मी."

"मागच्या वेळी दिलेस की."

"तेव्हा ते खोटं होतं." स्नेहल खाली बघत म्हणाली. "आज खरे गुरुजी आहेत, खरे मंत्र. आईने विचारलं तर मी सांगून बसले. ती म्हणते, बाप धडधाकट असताना पिंड कसले देतेस? आमच्याकडे वडील असलेले दक्षिणेकडे तोंड करून जेवायलासुद्धा बसत नाहीत. मी एरवी हे काही मानत नाही गं. पण बाबांची परवाच अँजिओग्राफी झाली आहे. उद्या काही झालं तर मी आयुष्यभर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. मृण्मयीला तिच्यावर रागवावंसं वाटलं आणि रागवता आलं नाही. खरा वाटत नाही म्हणून परदेशातल्या बाईंनी प्रसंग नाकारला होता, आणि आता खरा होतो आहे म्हणून स्नेहल तो नाकारत होती. हे कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता. तिने सावलीकडे पाहिलं. पट्टा आणखी अरुंद झाला होता.

शेखर म्हणाला की चेहरा नंतर वेगळा घेऊ. मेन शॉट हातांचा हाय. ताम्हन, पिंड, गुरुजींचा आवाज. हात कुणाचेपण चालतील.

"मी बसते," मृण्मयी म्हणाली.

शेखरने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. एकदा खालच्या पायरीकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "तुझे वडील तर समोरच बसलेत की."

मृण्मयी पिंडांवरचं फडकं सारखं करू लागली. हातांचाच शॉट आहे, असं ती स्वतःशी म्हणत होती. कोणीतरी दुसरं बघावं, दीपमालाला विचारावं, तिचे वडील मागेच गेले आहेत, असंही तिच्या मनात येऊन गेलं आणि त्याची तिला लाज वाटली. नानांकडे बघायचा तिला धीर होत नव्हता.

याच घाटावर आईचा दहावा झाला होता. लतिकाबाई गेल्या तेव्हा सगळं नानांनीच सांगितलं होतं, भटजी म्हणून आणि नवरा म्हणूनही. पिंड द्यायला पुतण्या बसला होता. तनय, बस, असं नाना म्हणाले होते आणि तनय बसला होता. मृण्मयी वरच्या पायरीवर बायकांमध्ये तनयचं घड्याळ आणि शर्ट हातात धरून उभी होती. त्याआधी नानांनी परक्यांच्या मुलींना कितीदा तरी बसवलं होतं, भावकीशी त्यासाठी वादही घातला होता. आपल्या घरी तसं करावं, हे त्यांना त्या दिवशी सुचलं नसावं. तिलाही सुचलं नव्हतं. सुचलं ते दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नव्हता. त्यावर बापलेकींत कधीच काही बोलणं झालं नाही. तनय आता कॅनडात होता. सणावाराला त्याचा फोन येई.

नानांनी निवडलेले दर्भ नीट जुळवून ठेवले. मान वर न करता ते म्हणाले, "बस, मनू. दक्षिणेकडे तोंड कर."

वस्त्रांतरगृहाच्या आडोशाला जाऊन तिने स्नेहलची विटकी हिरवी साडी नेसली. साडी अजून स्नेहलच्या अंगाने गरम होती. चित्रपटात मुलीच्या अंगावर शेवटपर्यंत हीच साडी होती, आणि ती एकच होती. स्नेहलने आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्याही काढून तिच्या हातांत चढवल्या, आणि काही न सुचून तिच्या खांद्यावरचा पदर दोनदा सारखा केला.

मृण्मयी नानांसमोर बसली. शेखरने चौकट सांगितली. कोपरापासून खालचे हात, ताम्हन, पिंड, नानांची पळी. मान वर केलीस तर केस येतील, असं त्याने बजावलं. दीपमालाने माइक दर्भाच्या जुडीमागे दडवला. नानांनी तिच्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं.

मंत्र सुरू झाले. थोडा वेळ बरं चाललं होतं. मग पलीकडे पत्रा आदळला आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"कट."

नानांची पळी हवेतच राहिली. तिच्यातलं पाणी पायरीवर सांडलं.

"काय झालं?"

"पत्र्याचा आवाज आला, नाना."

"इथे आवाज नव्हता असा दिवस मला आठवत नाही. लोक तरी करतातच." त्यांनी पळी तांब्यात बुडवली. ते रागावलेले नव्हते. यजमानाला एखादी गोष्ट समजावून सांगताना लागे तसाच आवाज होता. "एकदा सुरू झालं की मध्ये उठता येत नाही, मनू. चुकलं तरी पुढे जायचं असतं. चुकण्याची माफी शेवटी मागायची, तिलाही मंत्र आहे."

शेखर पत्रेवाल्यांशी बोलून आला. त्यांच्यात त्याला त्याच्या गावाजवळचा, चांदवडचा कोणी भेटला होता. चहा होईपर्यंत ते थांबतील, पुढे नाय, असं तो म्हणाला. सावलीही साधारण तेवढ्याच वेळाची होती. म्हणजे ही एकच संधी. आपण दिग्दर्शक म्हणून कुठे बघायचं आणि हात म्हणून काय करायचं, याचा मृण्मयीच्या डोक्यात गोंधळ उडाला होता. तिने दोन्ही तळवे साडीला पुसले.

नाना पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. त्यांच्या आवाजात चढउतार नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, इतक्या सरळपणे ते मंत्र म्हणत होते, आणि एकेक तुकडा झाला की तिच्यासाठी थांबत होते. संवत्सराचं नाव आलं, महिन्याचं, तिथीचं, गोदावरीचं. ती मागून म्हणत गेली. आपला आवाज बारीक येतो आहे, असं तिला वाटलं. दीपमालाकडे बघावंसं वाटलं, पण मान वर करता येत नव्हती.

"मम पितुः," नाना म्हणाले. माझ्या वडिलांच्या.

"मम पितुः."

पुढे पृथिवीषत् येणार होतं. ते शब्द तिने घरी पाठ केले होते. नाना किंचित थांबले.

"वासिष्ठगोत्रस्य."

हे त्यांचं स्वतःचं गोत्र होतं. जन्मभराच्या सवयीने जिभेवर आलं असेल, असं तिला वाटलं. गोत्राने काही बिघडत नाही. तिने ते म्हटलं.

"ढुंढिराजशर्मणः."

तिच्या ओंजळीतले काळे तीळ बोटांच्या फटीतून ताम्हनात पडले. हे नानांचंच नाव होतं. ही चूक असणार. त्यांना थांबवायला हवं. 'कट' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिची मान वर झाली. चौकटीत केस आले असतील, हे तिला त्याही क्षणी कळलं.

नाना तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या हातांकडे बघत होते. यजमान अडखळला की ते जसे वाट पाहत बसत तसेच बसले होते, घाई नसलेल्या माणसासारखे. मग ज्याला म्हणता येत नाही त्याला फोडून सांगावं तसं त्यांनी ते पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक तुकडा वेगळा करून.

"ढुंढि. राज. शर्मणः."

कबुतरांचा थवा उठला आणि पुन्हा बसला.

मृण्मयीने मान खाली घातली. आवाज निघाला तो घोगरा, तिला स्वतःला अनोळखी वाटणारा. पण तिने नाव म्हटलं, पूर्ण म्हटलं.

"हं," नाना म्हणाले आणि पुढे गेले.

त्यानंतर काय काय झालं ते तिला सलग आठवलं नाही. पिंड दर्भावर ठेवले. तीळ वाहिले. पाणी सोडताना ती बोटांच्या टोकांवरून सोडू लागली, तेव्हा नानांनी आपल्या तर्जनीने तिचा तळहात अलगद कलता केला. पाणी अंगठ्याच्या बाजूने पडलं. पितरांचं पाणी असंच पडावं लागतं. लहानपणी पाटीवर अक्षर वळवताना ते असंच बोट लावत. शेवटी चुकल्यामाकल्याची माफी मागणारा मंत्र आला. तोही तिने त्यांच्यामागून म्हटला. मग नानांनी पळी तांब्यावर आडवी ठेवली आणि हात जोडले.

कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. ते आपणच म्हणायचं असतं, हे मृण्मयीच्या लक्षात आलं नाही. बराच वेळ कॅमेरा तसाच चालू राहिला. पत्रेवाले चहाचे कागदी कप हातात धरून वरच्या पायरीवर उभे होते. त्यांच्यातल्या एकाने डोक्यावरची टोपी काढली होती.

"झालं," अखेर शेखरच म्हणाला, आणि त्याने कॅमेरा बंद केला.

दीपमाला हेडफोन गळ्यात सोडून खाली आली. तिने नानांकडे चोरून पाहिलं आणि मृण्मयीच्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई, काकांनी नाव दुसरंच घेतलं ना? काळजी करू नका. तेवढं नंतर डब करता येईल."

"नको. राहू दे."

"मग चित्रपटात त्या म्हाताऱ्याचं नाव शेवटी कळलं, असं होईल."

मृण्मयीने बोटातलं पवित्रक काढलं. ते कुठे ठेवावं हे न कळून ती ते हातात धरून राहिली. "होऊ दे," ती म्हणाली.

शेखर मात्र कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर शॉट मागेपुढे करून बघत होता. डिरेक्टर, मध्ये मान वर झाली, केस आलेत, असं त्याने सांगितलं. आवाजपण एका ठिकाणी फुटला. सावली हाय अजून थोडी, पत्रेवाले माझ्या शब्दाबाहेर नायत. सेफ्टीला एक घेऊन टाकू.

तो बरोबर बोलत होता. मृण्मयीच्या आतही त्या चुकांची यादी केव्हाच तयार झाली होती, आणि तिच्यात शेखरला न दिसलेल्याही दोन-तीन होत्या. एरवी शेखरच्या आधी तीच म्हणाली असती, अजून एक घेऊ. सोमवार तोंडावर होता, बाईंनी दिलेला महिना संपत होता, उद्यापासून घाट बंद होता. तिने पायरीवरच्या सावलीकडे पाहिलं. एका टेकपुरती होती.

नानांनी ताम्हन रिकामं केलं, तांब्या विसळून घेतला. दर्भ गोळा करता करता, चहा घेऊन आलेल्या स्नेहलला त्यांनी हातानेच थांब अशी खूण केली.

"आधी आंघोळ," ते मृण्मयीला म्हणाले. "कार्य झाल्यावर तसंच चहाला बसत नाहीत."

"गुरुजी, थांबा जरा," शेखर घाईघाईने म्हणाला. "ती साडी भिजली तर पुन्हा टेक कसा घ्यायचा? दुसरी नाय आमच्याकडं."

नानांनी पिशवीचं तोंड आवळलं आणि दोरीला गाठ मारली.

मृण्मयी उठली. बसून बसून पाय जड झाले होते. तिने हातातल्या बांगड्या उतरवून स्नेहलकडे दिल्या आणि पदर कमरेला खोचला. शेखर तिला हाक मारत होता, पहिल्यांदा डिरेक्टर म्हणून आणि मग नुसतं नावाने. पहिल्या पायरीला पाणी घोट्यापर्यंत आलं, पुढच्या पायरीला गुडघ्यापर्यंत. साडीचा विटका हिरवा रंग कडेने गडद होत वर चढला. तिने नाक धरलं आणि बुडी मारली.

ती वर आली तेव्हा नाना पाण्यालगतच्या पायरीवर उभे होते. खांद्यावरचा कोरडा पंचा त्यांनी तिच्या दिशेने लांब धरला होता, आणि तोंड पुलाकडे वळवलं होतं. पुलावरून शाळेची एक पिवळी बस चालली होती. ती पार दिसेनाशी होईपर्यंत ते बसकडेच बघत राहिले.